नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या पाळीपर्यंत चालत जाता जाता जिओकॅशिंग: पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

मागच्या हिवाळ्यात माझा भाचा म्हणाला, मामा तुम्ही रोज अंबाझरीला फिरायला जाता, तेच झाड तोच रस्ता, बोअर नाही होत का. मी म्हटलं चल उद्या, एक खेळ दाखवतो. तेव्हापासून तो रविवारी सहाला स्वतः उठून बसतो. आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी हा खेळ कसा खेळायचा, डबा कुठं ठेवायचा, पोलीस काही म्हणणार नाही ना असं विचारलं, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

थोडक्यात खेळ असा आहे. कोणीतरी एक डबा लपवतो, त्यात एक छोटी वही असते, आणि डब्याच्या जागेचे आकडे म्हणजे अक्षांश-रेखांश ऑनलाइन टाकतो. बाकीचे ते आकडे मोबाइलमध्ये घेऊन शोधत जातात, डबा सापडला की वहीत नाव-तारीख लिहायची, डबा होता तसाच होता तिथंच ठेवायचा आणि ऑनलाइन नोंद करायची. बस एवढंच. याची सुरुवात झाली मे २००० मध्ये. तोपर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत होतं, ती त्यांनी बंद केली आणि जे यंत्र आधी शंभरेक मीटर इकडंतिकडं दाखवायचं ते एकदम जवळचं दाखवायला लागलं. लगेच ३ मे २००० ला डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. तो पहिला डबा. 'जिओकॅशिंग' हे नाव त्याच महिन्याच्या शेवटी आलं आणि जिओकॅशिंग डॉट कॉम ही साइट त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुरू झाली.

पहिली पायरी: मोबाइल तयार करा, पण त्याआधी आकडे वाचायला शिका

ॲप दोन आहेत. एक जिओकॅशिंगचं स्वतःचं, त्यात फुकट खातं उघडता येतं, फक्त काही डबे प्रीमियमवाल्यांनाच दिसतात. दुसरं सी-जिओ, ते अँड्रॉइडवर आहे आणि फुकट आहे. नव्या माणसानं पहिलं घ्यावं असं माझं मत, कारण त्यात बाण आणि अंतर साफ दिसतं. खातं उघडलं की नकाशावर आपल्या आसपास काय आहे ते बघा. विदेशात गल्लीगल्लीत डबे असतात तशी गर्दी आपल्याकडं नाही, म्हणून नकाशा रिकामा दिसला तरी नाराज होऊ नका, सराव आपला आपण करता येतो, तो पुढं सांगतो.

आता आकड्यांचं. इथं नवे लोक सगळ्यात जास्त चुकतात म्हणून जरा वेळ घेतो. जिओकॅशिंगमध्ये आकडे अंश आणि दशांश मिनिटात लिहितात, म्हणजे उत्तर २१ अंश आणि मग ०७ पॉइंट काहीतरी मिनिटं, पॉइंटनंतर तीन आकडे. गूगल मॅप्सवर मात्र नुसते दशांश अंश येतात, २१.१३ वगैरे. २१.१३ अंश म्हणजे २१ अंश १३ मिनिटं नव्हे! एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून ०.१३ ला ६० नं गुणा, येतात ७.८ मिनिटं. म्हणजे अंबाझरीच्या आसपासचा आकडा २१ अंश ०७.८ असा लिहायचा. मी पहिल्यांदा हीच चूक केली आणि बाणानं मला जवळपास साडेनऊ किलोमीटर उत्तरेला, कोराडीच्या दिशेला जायला सांगितलं, तलाव समोर दिसून राहिला आणि बाण पाठीमागं. तेव्हापासून घरातल्या पोरांना मी आधी हे गणित शिकवतो मग ॲप देतो.

आणखी एक लक्षात ठेवा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर. म्हणून पॉइंटनंतरचा तिसरा आकडा एकानं चुकला तर फक्त पावणेदोन-दोन मीटरचा फरक पडतो, दुसरा चुकला तर साडेअठरा मीटर, आणि पहिला चुकला तर १८५ मीटर, म्हणजे अंबाझरीला तुम्ही सरळ पाण्यात. नागपूरच्या अक्षांशावर रेखांशाचं मिनिट थोडं लहान पडतं, १.७३ किलोमीटरच्या आसपास. आकडे टाईप केले की मोठ्यानं वाचून कोणालातरी दाखवा.

दुसरी पायरी: झिरो माइलला जाऊन हात बसवा

तलावावर जाण्याआधी एक सकाळ नागपूरच्या झिरो माइल स्मारकाला द्या असं मी सगळ्यांना सांगतो. मेट्रो तिथंच थांबते, ऑरेंज लाइनचं झिरो माइल फ्रीडम पार्क स्टेशन. चार घोडे आणि तो दगडी खांब सगळ्यांनी पाहिलाय, पण बाजूला १९०७ सालचा सर्वेक्षणाचा दगड आहे तो कमी लोक बघतात. ज्या मोठ्या सर्वेक्षणात अख्खा देश साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन मोजला त्याची ती खूण. मोबाइल हातात घेऊन तिथं उभं राहिलं की मला तरी भारी वाटतं, तेव्हाच्या लोकांनी जे काम वर्षानुवर्षं उन्हातान्हात केलं ते आपण खिशातून काढून बघतो.

करायचं काय, तर खांबापासून सुरक्षित अंतरावर उभं राहून जागा सेव्ह करा, मग फुटपाथनं शंभरेक मीटर लांब जा, आणि बाण बघत परत या. तीन-चार वेळा करा. तुमच्या लक्षात येईल की दर वेळी तुम्ही थोड्या वेगळ्या जागी येऊन थांबता, तीन मीटर, पाच मीटर, कधी दहा. मोबाइल खराब नाही, जीपीएस असंच असतं. मोबाइलला जागा काढायला कमीत कमी चार उपग्रहांचे सिग्नल लागतात, आणि इमारतीवर किंवा ओल्या झाडीत आपटून आलेला सिग्नल उशिरा पोचतो म्हणून जागा सरकते. बाण उलटसुलट फिरायला लागला तर मोबाइल हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, होकायंत्र ठिकाणावर येतं.

तिसरी पायरी: अंबाझरीची तयारी

वेळ म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी. उन्हाळ्यात नागपूरचं ऊन पंचेचाळीसला जातं तेव्हा हे करायचंच नाही, लहान मुलं सोबत असली तर मुळीच नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला असा चिकटतो की पाय उचलत नाही, आणि गवतात काय आहे ते दिसत नाही.

सोबत पाणी, टोपी, पूर्ण बूट, एक काठी, दोन पेन (एक नक्की चालत नाही), पॉवर बँक. नकाशा घरूनच डाउनलोड करून घ्या. मेट्रोनं आलात तर ॲक्वा लाइनवर सुभाषनगरला उतरा, तिथून तलाव जवळ आहे, आणि येताना खिडकीतून अख्खा तलाव दिसतो तो मुलांना दाखवा, कुठून कुठं चालायचंय ते त्यांना तिथंच कळतं.

आता थोडं धरणाबद्दल. लोक अंबाझरीला तलाव म्हणतात आणि बसायच्या जागेला पाळ म्हणतात, पण ती पाळ म्हणजेच धरण आहे, मातीचं धरण, १८७० सालचं. शहराला प्यायचं पाणी देण्यासाठी ते बांधलं. नंतर १९१२ च्या सुमारास गोरेवाडा तलाव आला, मग कन्हानचं पाणी, मग पेंचचं, आणि अंबाझरी फिरायची जागा होऊन गेली. पण नाग नदी, जिच्यावरून शहराचं नाव पडलं, ती याच तलावाच्या सांडव्यापासून शहरात शिरते. आणि हा म्हातारा बांध अजून काम करून राहिलाय हे आपल्याला २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे कळलं, त्या रात्री पाऊस असा कोसळला की तलाव भरून वाहिला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घराघरात पाणी घुसलं. माझ्या ओळखीच्या एका घरात फ्रीज तरंगत होता. म्हणून पावसाळ्यात ओव्हरफ्लो पॉइंटला खेळ नाही, सेल्फी नाही, काही नाही.

आणि या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथंच सांगतो. डबा धरणावर ठेवायचा नाही. पाळीवर नाही, पिचिंगच्या दगडात नाही, सांडव्याच्या भिंतीत नाही. डबा वाटेवर, धरण शेवटी बघायला. याची कारणं दोन. एक, जिओकॅशिंगचेच नियम सांगतात की धरणं, पूल, विमानतळ, शाळा, सरकारी इमारती असल्या जागांजवळ डबे नकोत, कारण तिथं बेवारस डबा म्हणजे सुरक्षेचा प्रश्न होतो. दुसरं कारण मला जास्त मोठं वाटतं. मातीचं धरण दगडाच्या थरानं झाकलेलं असतं, पाण्याकडच्या बाजूचे ते दगड म्हणजे पिचिंग, लाटांनी माती धुऊन जाऊ नये म्हणून लावलेलं. एक दगड काढला की शेजारचा सैल होतो. मातीत खड्डा केला की पाण्याला वाट मिळते, आधी नुसता ओलावा, मग झिरपा, आणि झिरप्यासोबत बारीक माती वाहायला लागली की आतून पोकळ. शंभर लोक डबा शोधायला येणार म्हणजे शंभर लोक दगड उचकून बघणार, लपवणाऱ्यानं कितीही सांगितलं तरी.

हे मला एका काकांनी शिकवलं खरं तर. भाचा पाळीवर वाकून दगडांच्या फटीत बघत होता, ते चालता चालता थांबले, म्हणाले, "काय शोधून राहिले भाऊ?" मी सगळा खेळ समजावला, त्यांनी शांतपणे ऐकलं, मग म्हणाले, "चांगलं आहे, पण पोराला सांगा पाळीचे गोटे हलवू नको म्हणा. आम्ही लहानपणी हलवले तर बाप मारे." भाच्यानं दगड सोडला तो सोडलाच, आता दुसऱ्या मुलांना तोच सांगतो.

चौथी पायरी: शोधायचं कसं

आधी डब्याच्या पानावरची माहिती वाचा. अवघडपणा आणि वाट यांना एक ते पाच असे अंक दिलेले असतात, मधे अर्धेही असतात. नव्या माणसानं दोन्ही दीडच्या आतले घ्यावे. आकार बघा, कारण फिल्मच्या डबीएवढं शोधायचं की जेवणाच्या डब्याएवढं हे माहीत नसेल तर नजर चुकीचं शोधते. इशारा असतो तो साइटवर गुप्त लिपीत दिसतो, त्यात इंग्रजी अक्षर तेरा घरं पुढं सरकवलेलं असतं, ए च्या जागी एन, बी च्या जागी ओ. बटण दाबलं की ॲप उलगडून देतं, पण मुलांना वहीत सोडवू द्या, ती त्यात रमतात.

मग चालायला लागा. अंतर दहा मीटरवर आलं की मोबाइल खिशात. हे मी दर वेळी ओरडून सांगतो आणि दर वेळी लोक मोबाइल बघत गोल गोल फिरतात. आम्ही एकदा एका बाभळीभोवती चाळीस मिनिटं फिरलो, बाण कधी डावीकडं कधी उजवीकडं, आणि डबा पहिल्यापासून गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन फांद्यांच्या बेचक्यात होता. जवळ आलात की थांबा आणि स्वतःला विचारा, मी असतो तर कुठं ठेवला असता. मग बेमेळ काय दिसतं ते बघा. काड्या एकाच दिशेनं रचलेल्या, एक दगड बाकीच्यांपेक्षा स्वच्छ, झाडाच्या बुंध्याशी विनाकारण पालापाचोळ्याचा ढीग.

हात घालायच्या आधी काठी घाला. हे विदर्भ आहे, घोणस, नाग, मण्यार सगळं आहे, आणि थंडीत ते उन्हाला बाहेर येतात. ढोलीत तर हात घालायचाच नाही, आणि वर मोहोळ आहे का ते आधी बघा, आग्या मोहोळ असेल तर तो डबा सोडून द्या, आवाज न करता मागं फिरा.

लोक बघत असतील तर थांबा. खेळात न खेळणाऱ्या माणसाला मगल म्हणतात, आणि अंबाझरीला सकाळी मगलच मगल. बुटाची लेस बांधा, पाणी प्या, पक्षी बघा, गर्दी सरकली की काढा. पण पोलीस किंवा गार्डनं विचारलं तर लपवाछपवी नाही, सरळ ॲप उघडून दाखवा, नाव सांगा, ते जा म्हणाले तर जा. आणि एक, तलावाच्या पश्चिमेला आयुध निर्माणीचा भाग आहे, त्या कुंपणाच्या दिशेनं बाण दाखवत असला तरी जायचं नाही. बांधाच्या कामासाठी बॅरिकेड लावलं असेल तरी तेच, परत फिरा.

डबा सापडला की वहीत नाव, तारीख. आत छोट्या वस्तू असतील, गोट्या, की-चेन, बिल्ला, तर एक घेतली की तेवढ्याच किमतीची किंवा चांगली एक ठेवायची. खायचं काही ठेवू नका. पहिल्या बादलीत म्हणे बीन्सचा डबा होता, पण आता खाद्यपदार्थ नियमातच बसत नाहीत, आणि आपल्याकडं संत्रा बर्फी ठेवली तर दुपारपर्यंत मुंग्या आणि माकडं डब्याचा निकाल लावतील. चाकू, फटाके, दारू, औषधं हेही नाही. नंबर कोरलेला धातूचा बिल्ला सापडला तर तो ट्रॅव्हल बग, तो ठेवून घ्यायचा नसतो, पुढच्या डब्यात नेऊन सोडायचा, तो कुठून कुठं फिरला ते साइटवर दिसतं.

नाही सापडला तर ऑनलाइन 'सापडला नाही' अशी नोंद करा. लोक लाजतात आणि करत नाहीत, पण लागोपाठ तीन जणांना सापडला नाही हे दिसलं तरच मालकाला कळतं की डबा गेला.

पाचवी पायरी: नकाशावर डबा नसेल तर सरावाचा डबा

हे आम्ही सगळ्यात जास्त केलंय आणि नव्या ग्रुपसाठी मला हेच सगळ्यात चांगलं वाटतं. चौघं जण अर्धा तास आधी जातात, वाटेच्या कडेला, धरणापासून लांब, चार डबे ठेवतात आणि प्रत्येकाजवळ कोणीतरी बसून राहतो, डबा एकटा सोडायचा नाही. आकडे ग्रुपवर टाकायचे. सगळे शोधत येतात, शेवटी डबे गोळा करून घरी. काही पब्लिश करायचं नाही.

शेवटचा टप्पा पाळीकडं नेणारा ठेवा, पण पाळीवर डबा न ठेवता. आम्ही असं केलं होतं: तिसऱ्या डब्यात चिठ्ठी, "हे धरण कोणत्या साली बांधलं? त्यातले चारही आकडे मिळवा." एक, आठ, सात, शून्य, उत्तर सोळा. मग "पाळ दिसते तिथून मागं वळा, वाटेनं सोळा पावलं, डाव्या हाताला बसलेल्या आत्याला विचारा." आत्याजवळ चौथा डबा. मुलं पाळीपर्यंत गेली, पाणी बघितलं, साल तोंडपाठ झालं, आणि एकाही दगडाला हात लागला नाही. खऱ्या खेळात यालाच मल्टी-कॅश म्हणतात, एका जागेवरच्या माहितीतून पुढच्या जागेचे आकडे काढायचे.

सहावी पायरी: कायमचा डबा ठेवायचा असेल तर

घाई करू नका, आधी वीस-पंचवीस डबे शोधा, दुसऱ्या गावाला गेलात की तिथले शोधा, मग कळतं चांगला डबा काय असतो.

जागेच्या मालकाची परवानगी लागते. तलाव महापालिकेचा, पलीकडचं जैवविविधता उद्यान वन विभागाचं, तिथं तिकीट काढून जायचं असतं आणि आत काहीही ठेवायचं तर त्यांना विचारल्याशिवाय नाही. लेखी अर्ज करा, सोबत डब्याचा फोटो आणि खेळाची एक पानाची माहिती मराठीत जोडा. तोंडी "ठेवा हो" याला काही अर्थ नसतो, पुढचा साहेब आला की प्रश्न येतो. परवानगी नाही मिळाली तर ओळखीच्या माणसाच्या आवारात, सोसायटीच्या बागेत ठेवा, खेळ तोच आहे.

बाकी नियम सरळ आहेत. दुसऱ्या डब्यापासून कमीत कमी १६१ मीटर लांब. जमिनीत पुरायचा नाही. झाडाला खिळा ठोकायचा नाही. निदान तीन महिने तरी तिथं राहील असा विचार करून ठेवायचा, आणि तुम्ही स्वतः जाऊन बघू शकाल इतका जवळ. पब्लिश व्हायच्या आधी एक स्वयंसेवक सगळं तपासतो, त्यानं प्रश्न विचारले तर चिडू नका.

डबा पारदर्शक प्लास्टिकचा घ्या, चारही बाजूनं लॉक होणारा. काळी टेप गुंडाळलेला, स्टीलचा टिफिन, वायर किंवा बॅटरी दिसेल असलं काही म्हणजे काहीच नको, आपल्या देशात बेवारस वस्तूला हात लावू नका हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ते बरोबर आहे. वर मोठ्या मराठी अक्षरात लिहा: "हा खेळाचा डबा आहे, आत वही आहे, उघडून बघू शकता", खाली आपला नंबर. आत सिलिका जेलची पुडी टाका, नाहीतर पहिल्या पावसात वहीचा लगदा.

जागेचे आकडे एकदाच घेऊन टाकू नका. वेगवेगळ्या दिवशी जाऊन पाच-सहा वेळा घ्या, दर वेळी मोबाइल दोन मिनिटं स्थिर धरून, आणि सगळ्यांची सरासरी काढा. मग दुसऱ्याच्या मोबाइलवर ते टाकून त्याला लांबून चालत यायला सांगा, तो पाच मीटरच्या आत थांबला तर झालं.

वर्षातून दोनदा तरी जाऊन बघावंच लागतं. एकदा मे संपता संपता, कारण उन्हानं प्लास्टिक कडक होऊन झाकणाची कडी तुटते, आणि एकदा दिवाळीच्या आसपास, पाऊस गेल्यावर, वही बदलायला. गाव सोडून चाललात किंवा कंटाळा आला तर साइटवर डबा आर्काइव्ह करा, म्हणजे कायमचा बंद करा, आणि त्याच दिवशी जाऊन तो उचलून आणा, आजूबाजूला दोन रॅपर पडलेले असतील तर तेही त्याच पिशवीत.